टूलखालचा पत्रा

"अंगावर आली पट्टी, तर टूल खाली गं,
पलीकडं कलली पट्टी, तर टूल वर,
उभी ऱ्हायली सरळ, माझ्या बाई,
तर मग खुशाल मशीन चालू कर."

पूर्वा दहा वर्षांची असताना हे कानात पडलं, ते तिथेच राहिलं. चाल पप्पांच्या आईची, शब्द पप्पांचे. ती दुधाच्या पालथ्या क्रेटवर उभी असायची आणि रामदास, तिचे पप्पा, लेथवर वाकून स्टीलची छोटी पट्टी जॉब, म्हणजे कापायचा धातूचा दांडा, आणि टूलचं टोक यांच्यामध्ये हलकेच चिमटायचे. टोक जॉबच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सेंटरला असलं, की पट्टी शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी राहायची. मग पप्पा बटण दाबायचे, आणि येरवड्यातली ती बारा बाय दहाची खोली तेलाच्या वासानं भरून जायची.

तीन वर्षं झाली, त्या लेथवर जुनी चादर आहे. पार्टिंग करताना, म्हणजे तयार झालेला जॉब दांड्यापासून कापून वेगळा करताना, टूल जॉबखाली ओढलं गेलं, तडकलं, आणि त्याचा तांदळाएवढा तुकडा चष्म्याच्या बाजूनं पप्पांच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा गेला. भोसरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं टर्नर असलेला माणूस त्या सकाळी पट्टी न लावता मशीन चालू करून बसला होता. कारखान्यातले जोडीदार महिपती दवाखान्यात भेटायला आले, तेव्हा खाटेजवळ बसून म्हणाले होते, "रामदास, साऱ्या शॉपला पट्टी शिकवलीस आणि स्वतःच विसरलास होय रे?" त्यांनी गंमत केली होती. पप्पा हसलेही होते. पण पुढे जो येईल त्याला ते आपणहून तेच सांगत सुटले. दोन दिवस आधी टूल मीच बांधलं, त्यावर वीस बुश कापले, मधल्या दिवशी मशीन बंदच, मग त्या सकाळी खाली कसं गेलं? वय झालं. हात खोटं बोलायला लागला.

पूर्वा तेव्हा गप्प राहिली. लग्न होऊन वारज्याला गेली, तरी गप्पच राहिली.

आणि गेल्या आठवड्यात पप्पांचा फोन आला. महिपती रविवारी लेथ बघायला येतोय, म्हणाले. त्याआधी एकदा कापून बघतो. एक जॉब नीट वेगळा झाला तर मशीन राहील, नाहीतर त्याच्या टेम्पोत चढवून देईन. जुनं टूल तर मोडलंच आहे, तू चल नवीन घ्यायला. मागून आईचा, कौशल्याचा, आवाज आला: "चादर धुवायला तरी मिळंल एकदाची."

म्हणून शनिवारी सकाळी दोघं बोहरी आळीत आली. मंडईच्या बाजूनं चालत येताना पप्पांनी तिचा दंड धरला होता. उजवीकडून हातगाडी आली की ते थबकायचे, आणि तिला वाटायचं, ही थबक माझी आहे.

दुकानदार दत्तप्रसाद पप्पांना वीस वर्षं ओळखत होता. त्या वीस वर्षांत पप्पांनी त्याच्याकडून तयार पार्टिंग टूल एकदाही घेतलं नव्हतं. मोठ्या करवतीचं मोडकं पातं मागायचं आणि घरी ग्राइंडरवर धार काढायची, ही त्यांची रीत. जुने टर्नर तसंच करतात.

"रामदासराव, आपण विकत घेणार?" दत्तप्रसाद म्हणाला. "मग उद्यापासून मी घरी ग्राइंडर लावतो. कुणीतरी तर लावला पाहिजे."

पप्पा हसले नाहीत. दाखव, एवढंच म्हणाले.

काचेवर तीन टूल आली. एक दोन मिलीमीटर जाडीचं हायस्पीड स्टीलचं पातं, बसवायच्या होल्डरसकट. दुसरं तसंच, पण तीन मिलीचं. तिसऱ्याच्या टोकाला कार्बाईडचा सोनेरी दात होता, अंगठीतल्या खड्यासारखा. पप्पांनी डावा डोळा बारीक केला आणि त्या सोनेरी दाताकडे बोट दाखवलं.

दत्तप्रसादनं समजावलं, की हे मोठ्या, जड मशीनचं काम. लहान लेथ थरथरतो, आणि कार्बाईडला थरथर सोसत नाही, दात लगेच उडतो. तीन मिलीचं घेतलं तर लहान मोटर रडेल. दोन मिलीचं पातं घ्या, होल्डरच्या बाहेर गरजेपुरतंच काढा, तेल घालत जा. हे सगळं पप्पांनी कारखान्यात किती जणांना सांगितलं असेल. आज ते पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे मान हलवत होते.

"हे मोडत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"न मोडणारं टूल अजून निघालं नाही. निघालं की पहिला फोन आपल्यालाच."

पप्पांनी सोनेरी दाताचं टूल परत सरकवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "सेंटरला लावायला मला जमत नाही आता, दत्ता. ज्याला सेंटर लागत नाही, असं एखादं असलं तर दे."

 दत्तप्रसादनं गल्ल्यावरचं फडकं उचललं आणि उगाच काच पुसली. असं टूल नसतं, हे त्या तिघांनाही माहीत होतं.

पूर्वानं दोन मिलीचं पातं उचलून पप्पांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्यानं धार चाचपली, आणि म्हणाले, तू म्हणशील ते. उभ्या आयुष्यात लेथच्या बाबतीत हे तीन शब्द त्यांनी कुणाला म्हटले नव्हते.  पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालाच्या घडीत, तीन वर्षं जपलेला पत्र्याचा तुकडा होता. तो आज तिला विटेएवढा जड लागला.

येरवड्याला पोचेपर्यंत बारा वाजले. खोलीत शिरताना समोर फळीवर बुद्धांची मूर्ती, आणि मूर्तीपुढे पितळेचा मेणबत्ती स्टँड. तो तुळशीबागेतून आणला, असं तिनं पप्पांच्या साठाव्या वाढदिवसाला सांगितलं होतं. पप्पांनी तो उलटा करून बघितला होता आणि म्हणाले होते, कापणाऱ्याचा हात चांगला आहे. तेव्हा त्यांना दोन्ही डोळे होते. वाढदिवसाच्या दुसऱ्याच सकाळी तो अपघात झाला. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी त्या स्टँडवर मेणबत्ती लावते, आणि पूर्वा माहेरी असली की त्या वेळी बाहेर उभी राहते.

पप्पांनी चादर काढली, घडी घातली. चकमध्ये दांडा पकडला. नवीन होल्डर बांधला, टोक मध्यावर उचलायला खाली पॅकिंगचे दोन पत्रे सरकवले, बोल्ट आवळले. मग डब्यातून ती जुनी पट्टी काढली.

पट्टी जॉबला टेकेना. एका डोळ्याला जवळ-लांब कळत नव्हतं. ती कधी टोकावरून घसरायची, कधी नुसती हवेत फिरायची. तिसऱ्या वेळी चिमटली गेली आणि उभी राहिली. सरळ, सुताएवढीही न कलता. पूर्वाला ते स्पष्ट दिसत होतं.

पण पप्पांचा विश्वास बसेना. त्यांनी बोल्ट सैल केले, पत्रे काढले, परत घातले. पट्टी परत उभी राहिली. त्यांनी परत सोडवलं. चौथ्यांदा बोल्ट सोडताना पाना हातातून सुटून तेलाच्या ट्रेमध्ये पडला, आणि ते स्टुलावर बसले.

"पट्टी उभी हाय, दिसतंय मला," ते म्हणाले. "पण त्या दिवशी पण मी नीटच बांधलं होतं की. मला पक्कं आठवतं. जे पक्कं आठवतं तेच खोटं निघालं, तर आता कशावर बटण दाबू? महिपतीला फोन लाव, पूर्वा. उद्या कशाला, आजच ने म्हण."

दारात आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

पूर्वानं मोबाईल काढायला पर्समध्ये हात घातला. बोटांना आधी रुमाल लागला. तिनं तो बाहेर काढला, उलगडला, आणि पत्र्याचा तुकडा लेथवर, पप्पांच्या डाव्या डोळ्यासमोर ठेवला. बोटाएवढा, एका कोपऱ्याला पप्पांनीच मारलेली पंचची खूण. पप्पांनी तो उचलला. अंगठा त्या खुणेवर गेला आणि तिथेच थांबला. पत्रा ओळखीचा होता. तो तिच्याकडे कसा, हे कळत नव्हतं.

"लोखंडाच्या बुऱ्यात सापडला होता," पूर्वा म्हणाली. "तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा, ट्रे साफ करताना."

 तिनं फळीकडे, पितळेच्या स्टँडकडे बोट केलं. 

"तो तुळशीबागेतला नाही, पप्पा. मी केला. कापायचा तेवढा राहिला होता, म्हणून वाढदिवसाच्या दिवशी, तुम्ही पहाटे विहारात गेलात तेव्हा कापला. पितळेसाठी तुमचं टूल सोडवलं, आणि परत बांधताना खालचा एक पत्रा राहिला. पट्टी मी लावली नाही. तुमच्या हातानं काही चुकलं नव्हतं. ते टूल मी बांधलं होतं."