गुलाबी मक्याचा प्रसाद

१९७८ साली सिहोऱ्यात उन्हाळी मक्याची पेरणी पार लांबली. अवकाळी पावसानं धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, चिखल करून ठेवला होता, फाल्गुन लागला तरी नांगर घालायची सोय नव्हती. अशा वेळी माणसाला महाराज हवासा वाटतो, आणि हवासा वाटला की तो येतोच. शेतकरी केशवरावांच्या अंगणात अर्धं गाव त्याच्यापुढं बसलं होतं.

महाराजांनी केशवरावांचाच पिवळा मका मडक्यात टाकला, फडकं झाकलं, "हुं फट्" केलं आणि मूठ बाहेर काढली. दाणे गुलाबी! बाया ओव्या म्हणू लागल्या.

"बच्चा, उशीर झाला म्हणून रोतो कायको? हे दाणे चिखलात टाक. देवी गेलेला महिना परत आणते. अन घरात दुखणं असंल तर एक दाणा चावून खा!"

देवकाबाईचा नातू तापानं फणफणला होता. तिनं दाणा त्याच्या तोंडाशी नेला. शाळेचे जागेश्वर मास्तर धावले.

"काकू, पोराले चारू नोका!"

"काहून? देवीचा परसाद हाये."

"मंग पयले महाराज खातील. खा ना, महाराज."

महाराजांनी डोळे मिटले. "आज आमचा उपास आहे. मौनही आहे," ते म्हणाले.

"मौन हाये तं बोलून काहून राहिले?" मागून कोणीतरी विचारलं. हशा पिकला.

केशवराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी मडकं उचलून आत हात घातला. मधोमध पत्र्याचा पडदा होता. एका कप्प्यात त्यांचा पिवळा मका तसाच, दुसऱ्यात गुलाबी.

"परवाच तुमसरच्या दुकानातून मी असंच बियाणं आणलं," मास्तर म्हणाले. "बुरशी लागू नये म्हणून त्याले औषध चोपडतात. ते जहर हाये."

देवकाबाईनं दाणा फेकला आणि पोराला छातीशी धरलं.

"पण मास्तर, उशीर तं झालाच ना? पेरू कधी?" केशवरावांनी विचारलं.

"चिखलात दाणा सडते, देवीचा असो का दुकानाचा. मूठभर माती दाबून पाहा. मोकळी झाली, म्हणजे वाफसा आला. मंग पेरा. अन लवकर येणारं वाण घ्या. लांब मुदतीचा मका आता पेरला तं तुरा उन्हात करपते, कणीस पोचट राहते."

तोवर महाराज एसटीत बसले होते.

नातवाला हिवताप निघाला. डॉक्टरच्या गोळ्यांनी तो उठला. केशवरावांनी वाफसा येईस्तोवर दम धरला. कणसं नेहमीपेक्षा लहान आली, पण पावसाआधी घरात आली. ज्यांनी गुपचूप चिखलात पेरलं, त्यांना दुबार पेरावं लागलं.

गेलेला महिना कोणीच परत आणत नाही, बाबांनो. उरलेल्या दिवसांत काय पिकेल ते जाणत्याला विचारा, आणि त्यालाही विचारा, काहून?