उपटलेली टाचणी

डॉक्टरांनी रविवारपर्यंतची मुदत दिली होती आणि शुक्रवार उजाडला होता. हेडली इस्पितळात एकच शब्द घोकत होता, "रसेल." आणि मर्टल घरी नवऱ्याच्या नकाशासमोर फोन घेऊन बसली होती.

हेडलीचं थ्रॅसगिल हे आडनाव साऱ्या इंग्लंडात पसरलं ते गावामागच्या घळीतल्या एका शेतघरातून. एक भाऊ बॅरोला जहाजं बांधायला गेला, एक हल बंदराच्या मासळीधक्क्यावर. हेडलीने पस्तीस वर्षं चर्चच्या वह्या उपसून एकूण एक घर शोधलं आणि नकाशावर लाल टाचण्या टोचल्या. घर संपलं, माणूस मेला, की टाचणी उपटायची. एवढा नावाचा पुळका, आणि पोटच्या पोराचा पत्ता नाही! अकरा वर्षांपूर्वी रसेलने मून घराण्याच्या एकुलत्या एका मुलीशी लग्न केलं आणि तिचं आडनाव लावलं. तेव्हापासून बापलेकांत हाडवैर. मर्टल बिचारी दोघांच्यामध्ये तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. आता तिला त्या गप्प बसण्याची चीड येत होती.

सव्वीस घरांतून नकार आला. सत्ताविसावा फोन बॅरोच्या डोरीन थ्रॅसगिलने उचलला.

"अगं बाई, आत्ता विचारतेस होय? हेडली नाताळला सगळ्या थ्रॅसगिलांना पत्रक धाडतो ना, ते मी दरवर्षी रसेलला पाठवते. मागून घेतो हो तो! पेन्सिल घे, नंबर सांगते."

मर्टलचा दोनदा नंबर चुकला.

"रसेल, बाबा जातायत रे. ये."

रसेल म्हणाला, "माझ्या लग्नाच्या वर्षीचं पत्रक आठवतंय? 'गतवर्षी आपण एक्केचाळीस होतो, यंदा चाळीस.' त्या वर्षी कोणी मेलं नव्हतं, आई."

त्या पत्रकांवर तिकिटं तिने स्वतः चिकटवली होती. न वाचता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मेलेला माणूस कसा येणार?" तो म्हणाला.

"अरे, तो तुला हाका मारतोय! रसेल, रसेल. नुसतं रसेल. आडनाव लावत नाही रे! पाया पडते तुझ्या."

"...निघतो."

तो शनिवारी दुपारी पोचला. हेडली सकाळीच गेला होता. पलंग रिकामा, चादरसुद्धा बदललेली. रसेल दारातच उभा राहिला.

नर्सने हेडलीचा जुना तपकिरी कोट आणून दिला. "शेवटपर्यंत उशाशी होता. हात लावला तर ओरडायचे."

या कोटाने मर्टलचं बोट कितीदा रक्ताळलं होतं. कसला मेला काटा म्हणून तिने शिव्याही घातल्या होत्या. रसेलने कोट छातीशी धरला आणि तोही कळवळला. त्याने गळपट्टी उलटून पाहिली. आतल्या बाजूला, अकरा वर्षं कापडात रुतून गंजलेली, लाल डोक्याची टाचणी होती.