सदतीस नंबरचा फॉर्म

"विश्वास ही माणसाला जडलेली सर्वांत जुनी व्याधी आहे, आणि तिच्यावर अजून लस निघालेली नाही," भाऊसाहेबांनी जाहीर केले. मग खिशातली किल्ली काढून त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि आतल्या पुड्यातली बिस्किटे मोजली. चार होती. काल संध्याकाळीही चारच होती. हे त्यांना जरा जास्तच संशयास्पद वाटले.

समोरच्या टायपिस्टबाईंनी मान वर न करता विचारले, "एखादं कमी झालं की काय?"

"नाही ना. तेच तर."

भाऊसाहेब आरोग्य कचेरीत निविदा तपासत. कंत्राटदारांचे बंद लखोटे त्यांच्यापुढे येत आणि आतले कागद खरे की रचलेले, हे ते काळ्या दांड्याच्या एका भिंगातून ठरवीत. अठ्ठावीस वर्षे हेच चालले होते. कचेरी त्यांना तोंडावर 'भाऊसाहेब' आणि पाठीमागे 'भिंग' म्हणे. पाठीमागचे नाव त्यांना ठाऊक होते. कोण दिवसातून किती वेळा घेते, तेही ठाऊक होते.

सध्याचे काम नाजूक होते. लैंगिक आजारांबद्दल लोकांनी लाज न धरता बोलावे, वेळेवर तपासून घ्यावे, यासाठी पोस्टर, पत्रके आणि भिंतींवरच्या जाहिराती करून देणारा कंत्राटदार निवडायचा होता. विषय मोकळेपणाचा असल्यामुळे फाइल कुलपात ठेवली होती. भाऊसाहेब तिला 'ती फाइल' म्हणत, विषयाला 'तो विषय' म्हणत, आणि वरिष्ठ डॉक्टरबाईंनी बैठकीत त्या विषयाचे पूर्ण नाव उच्चारले की खिडकीबाहेर काही महत्त्वाचे घडत असल्यासारखे तिकडे बघत.

अटी मात्र त्यांनीच लिहिल्या होत्या आणि जीव ओतून लिहिल्या होत्या. एकंदर एकेचाळीस. कंत्राटदाराला अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. जाहिरातीत कवटी, साप किंवा रडणारी बाई नको. आजारी माणसाला अपराधी ठरवणारा शब्द नको. पोस्टर छापण्याआधी पन्नास सामान्य माणसांना दाखवून त्यांचे म्हणणे फॉर्मवर भरून घ्यावे. अट अठरा अशी की फॉर्मवर नाव नसावे, फक्त नंबर असावा, आणि फॉर्म कोणी भरला हे कंत्राटदाराने कोणालाही सांगू नये. आणि अट तेवीस, जी भाऊसाहेबांची लाडकी होती: या कचेरीतल्या कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाचा कंत्राटदाराच्या कामाशी कोणत्याही टप्प्यावर संबंध आल्यास निविदा बाद. पूर्वी एका साहेबांच्या मेव्हण्याने कचेरीची भिंत रंगवली होती. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीने मेव्हण्याचे नाते सांगितले, तेव्हापासून भाऊसाहेब या अटीची वाट बघत होते.

तीन निविदा आल्या. पहिलीतले पन्नास फॉर्म एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेले होते. पन्नासही जणांना पोस्टर 'अतिशय उद्बोधक' वाटले होते.

"बाई, तुम्ही रस्त्यात कुणाला विचारलंत, की हे कसं वाटलं, तर तो उद्बोधक म्हणेल का?"

"तो म्हणेल, तुम्हाला काय करायचंय."

"म्हणजे हे कचेरीत बसून लिहिलंय. अपात्र."

दुसऱ्या निविदेतले फॉर्म वेगवेगळ्या पेनांनी भरले होते, पण उत्तरे देणारे सगळेच जण अडतीस वर्षांचे निघाले. त्या निविदेचीही रवानगी झाली.

तिसरी निविदा एका बाईची होती. कंपनी म्हणजे ती, तिचा चित्रकार भाऊ आणि एक जुनी स्कूटर. तिच्या फॉर्मांवर तेलाचे डाग होते, एकावर अंगठा होता, एकावर चित्रातल्या डॉक्टरला मिशा काढल्या होत्या. एकाने लिहिले होते, 'डॉक्टर रागावलेला दिसतो, याच्याकडे मी जाणार नाही.' दुसऱ्याने लिहिले होते, 'अक्षर मोठं करा, चारचौघांत जवळ जाऊन वाचता येत नाही.'

हे सगळे इतके खरे वाटत होते की भाऊसाहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरेपणा इतका सहजासहजी मिळत नसतो. त्यांनी भिंग काढले आणि एकेक फॉर्म ओळीओळीने वाचायला घेतला.

सदतिसाव्या फॉर्मवर भिंग थांबले.

ते अक्षर त्यांना पाठ होते. बत्तीस वर्षे ते त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात बाजाराच्या यादीच्या रूपाने राहत होते. प्रत्येक आकड्याभोवती गोल, आणि जी वस्तू विसरायची नाही तिच्याखाली दोन रेघा.

'वय: चोपन्न. काही त्रास आहे का: हो. जळजळ, ओटीपोटात दुखतं. किती दिवसांपासून: दोन वर्षं. डॉक्टरांना दाखवलं का: नाही. का: पोस्टरवर लिहिलंय, जोडीदाराशी मोकळेपणाने बोला. माझा जोडीदार शंकेखोर आहे. आधी विचारेल, कुणापासून आलं.'

'कुणापासून' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

भाऊसाहेबांनी फॉर्म पालथा घातला, पुन्हा सुलटा केला. पहिला संशय त्यांना कंत्राटदार बाईचा आला: आपल्या घरापर्यंत पोचून हिने आपल्याला अडकवले. दुसरा संशय आला तो इतका हलकट होता की त्याला ते स्वतःच लाजले. आणि मग त्यांच्या लक्षात आले, की फॉर्ममध्ये जे लिहिले होते ते आपण अर्ध्या मिनिटात खरे करून दाखवले.

त्यांनी कंत्राटदार बाईला निरोप पाठवून बोलावून घेतले. ती दुपारी हेल्मेट काखेत धरून आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

"हे फॉर्म कुठे भरून घेतलेत?"

"बस डेपो, लाँड्री, एक शिवणवर्ग. लिहिलंय आत."

"सदतीस नंबर कुणाचा?"

"सांगता नाही येणार, भाऊसाहेब."

"मी अधिकृतपणे विचारतोय."

"मीही अधिकृतपणेच नाही म्हणतेय. तुमची अट अठरा. सांगितलं की मी बाद." तिने हेल्मेट काखेतून मांडीवर घेतले. "आणि खरं सांगू का, अट नसती तरी सांगितलं नसतं. त्या बायकांनी माझ्यावर भरवसा ठेवला म्हणून लिहिलं."

भाऊसाहेबांची अवस्था स्वतःच विणलेल्या जाळ्यात पाय अडकलेल्या कोळ्यासारखी झाली. अट तेवीस लावायची तर अठरा मोडायची, आणि चारचौघांत सांगायचे की दोन वर्षे कळ सोसणारी ही बाई माझी बायको आहे आणि तिने हे कागदाला सांगितले, मला नाही. कंत्राटदार बाई गेल्यावर टायपिस्टबाईंनी मशीनमध्ये कोरा कागद चढवला.

"काय टाइप करू? पात्र की अपात्र?"

"उद्या बघू."

बाईंची बोटे हवेतच राहिली. 'उद्या बघू' हे शब्द त्या टेबलावरून आजवर कोणी ऐकले नव्हते.

संध्याकाळी घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. शेजारणीच्या पडद्याला दुमड घालत होती. भाऊसाहेबांनी हातपाय धुतले, समोरची खुर्ची ओढली आणि बसले. एरवी ते वर्तमानपत्र घेऊन बसत. आज हात मोकळे होते, आणि मोकळ्या हातांचे काय करायचे हे त्यांना कळत नव्हते.

"मंगळवारी असतो ना तुझा शिवणवर्ग?"

"बावीस वर्षं मंगळवारीच असतो. का, जबाब घ्यायचाय?"

"सहज विचारलं."

"तुम्ही सहज विचारता?"

यंत्र चालू झाले. भाऊसाहेबांच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली होती आणि सर्वांत पुढे, दोन रेघा मारलेला, तोच एक प्रश्न उभा होता. त्यांनी आवंढा गिळला. प्रश्नही गिळला. तो जाता जाता घसा खरवडून गेला.

"दुखतं का तुला?" ते म्हणाले.

यंत्र थांबले. "काय?"

"पोटात. खाली."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुझ्या बसण्यावरून वाटलं."

बायकोने चष्मा काढला. आता तिची पाळी होती. "बत्तीस वर्षांत मी उभी आहे की बसलेय, हे तुम्ही कधी बघितलं नाहीत. आजच कसं दिसलं?"

"दिसलं. माणसाला दिसू नये का?"

"दिसावं. पण तुम्हाला?"

भाऊसाहेबांनी अनेक कंत्राटदारांना घाम फोडला होता. समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघत गप्प बसायचे, की तो आपणहून बोलू लागतो, ही त्यांची जुनी युक्ती होती. बायको त्यांच्या डोळ्यांत रोखून बघत गप्प बसली.

"उद्या दवाखान्यात जाऊ," ते घाईने म्हणाले. "मीही दाखवतो."

"तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. पण दोघांनी एकदम तपासून घ्यायचं असतं. पोस्टरवर आहे तसं."

"कुठल्या पोस्टरवर?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्ले काहीच नव्हते, तरी ठसका लागला. बायकोने त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि पुन्हा यंत्रापाशी जाऊन बसली. सुईखालचा कापडाचा कोपरा तिने उगीचच नीट केला.

"सदतीस होता ना?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं, ते कागद माझ्याकडे येणार?"

"वर तुमच्या कचेरीचा शिक्का होता की."

"मग मला सांगायचं."

"दोनदा सांगितलं. एकदा तुम्ही म्हणालात, आधी तपासायला हवं, आणि विजेचं बिल तपासायला बसलात. दुसऱ्यांदा मी 'जळजळ' एवढंच म्हणाले, तर तुम्ही विचारलंत, रात्री काय खाल्लंस." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भाऊसाहेबांना बरे वाटले असते. "बोललेलं तुमच्यापर्यंत पोचत नाही. कागद मात्र तुम्ही भिंग लावून वाचता. म्हटलं, अर्जच करावा."

भाऊसाहेबांनी तांब्या खाली ठेवला. मग भाऊसाहेब म्हणाले, "त्यात जे लिहिलंस, मी आधी काय विचारेन ते…"

"विचारलं नाहीत."

"तोंडाने नाही."

बायकोने त्यांच्याकडे बघितले. "तेवढं पुरे," ती म्हणाली आणि पडद्याची दुमड पुढे चालू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडताच भाऊसाहेबांनी तिसऱ्या निविदेच्या फाइलवर स्वतःच्या हाताने लिहिले: 'व्यक्तिगत कारणास्तव मी या निविदेची छाननी करू शकत नाही. अन्य कर्मचाऱ्याकडे द्यावी. पहिल्या दोन निविदांचीही फेरतपासणी व्हावी.' खाली सही केली आणि फाइल डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली.

"कारण काय?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"व्यक्तिगत."

"तुमचं? व्यक्तिगत?"

"हो."

"बायको-मुलांपैकी कुणी त्या बाईंकडे कामाला आहे का?"

"नाही. पगार नाही, काम नाही, देवाणघेवाण नाही. तेवढं लिहून देतो. कारण लिहून देणार नाही."

डॉक्टरबाईंनी फाइल ठेवून घेतली.

तासाभरात ही बातमी कचेरीभर झाली. दुपारपर्यंत ती वाढली, सजली आणि तिला पाय फुटले. अठ्ठावीस वर्षांत ज्याने कोणाला श्वास घेऊ दिला नाही, त्या भिंगाने एका बाईच्या फाइलवरून हात काढला, आणि कारण सांगत नाही. हिशेबनीस दोनदा त्यांच्या टेबलाजवळून विनाकारण गेला. आवकजावक कारकुनाने जिन्यात विचारले, "काय भाऊसाहेब, स्कूटर कुठल्या कंपनीची?" आणि स्वतःच हसला.

टायपिस्टबाई जुन्या ओळखीच्या होत्या, म्हणून त्यांनी सरळच विचारले.

"लोक काय काय बोलतायत. खरं काय ते सांगून टाका ना एकदाचं. एका वाक्यात तोंडं बंद होतील."

"होतील," भाऊसाहेब म्हणाले.

"मग?"

ते वाक्य त्यांच्याजवळ तयार होते. आठ-नऊ शब्दांचे, खरे, पुराव्यासकट. त्यांनी ते जसेच्या तसे आत ठेवले, खण लावला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाइप करायला सांगितली. दाराबाहेर पडेपर्यंत पाठीमागे कुजबुज सुरू झाली होती. आयुष्यभर ते ज्या नजरेने लोकांकडे बघत आले होते, ती नजर पाठीवर पडली की कशी लागते, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होते. त्यांनी मागे वळून बघितले नाही.

दवाखान्यातल्या बाकावर आधीच सात-आठ बायका होत्या. पुरुष एकच, भाऊसाहेब. प्रत्येक बाई त्यांच्याकडे एकदा आणि त्यांच्या बायकोकडे एकदा बघून निष्कर्ष काढत होती. भाऊसाहेब ताठ बसून राहिले. सवयीने त्यांचा हात खिशातल्या भिंगाकडे गेला, आणि तपासण्यासारखे काहीच नाही हे लक्षात येऊन परत आला. इतक्या वेळात ते मनात एक वाक्य जुळवत होते. बत्तीस वर्षांची थकबाकी त्यात बसवायची होती, म्हणून ते लांबत चालले होते. दोनदा खोडून पुन्हा रचले होते.

नर्सने दार उघडून बायकोचा नंबर पुकारला. बायको उठली. पदर सावरला. पिशवी उचलली. भाऊसाहेब बरोबर उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "ऐक ना. मी तुझ्यावर आजपर्यंत…"

बाकावरच्या सगळ्या बायका ऐकू लागल्या.

बायको तपासणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली. दारावर 'पादत्राणे बाहेर' अशी पाटी होती. तिने एक पाय मोकळा केला, मग दुसरा, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

"आल्यावर ऐकते," ती हळूच म्हणाली. "तोवर चपलांकडे लक्ष ठेवा. नव्या आहेत."