वाढत्या अंगाची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. शिंपी मला टेप म्हणतात. पिवळ्या मेणकापडाची, दोन्ही टोकांना पितळेचा पत्रा मारलेली अशी मी दुकानात आले, तेव्हा पुरी साठ इंच होते. आज एकोणसाठ आहे. माझ्यावरचा पहिला आकडा दोन आहे, आणि एक कुठे गेला ते मी सांगणारच आहे. घाई करू नका. मोजायची वस्तू घाईत वापरली की काय होते, ते मी पुष्कळ पाहिले आहे.

जन्माचे मला फारसे आठवत नाही. एक लांबच लांब पिवळी पट्टी दोन रुळांमधून सरकत होती आणि तिच्यावर आकडे उमटत होते, एवढेच धूसर आठवते. मग कात्री लागली आणि मी वेगळी झाले. माझ्या मागची पट्टी कोणाकडे गेली आणि पुढची कोणाकडे, कोण जाणे. अजूनही डोळा लागला की वाटते, आपल्याला अजून कोणी तोडलेलेच नाही, आपण तशाच सरकत चाललो आहोत.

सुया-दोऱ्यांच्या दुकानातून मला आईने आणले. ती घरीच लोकांचे कपडे शिवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचे मशीन होते आणि माझी जागा तिच्या गळ्यात. मशीन चालू झाले की पायडलच्या तालावर मी डुलत असे, डुलता डुलता मला गुंगी येई. तिच्या मानेची शीर माझ्या बाविसाव्या इंचाखाली हळूहळू उडायची. मोजपट्टीचे आयुष्य कोरडे असते असे ज्याला वाटते, त्याने एकदा दुपारच्या उन्हात कोणाच्या तरी गळ्यात पडून पाहावे.

माप द्यायला नाना तऱ्हेची माणसे येत. मी कंबरेभोवती आले की भलेभले पोट आत ओढून घेत. आई शांतपणे म्हणे, "सोडा श्वास. कपडा घालायचाय, फोटो नाही काढायचा." मग ते बिचारे श्वास सोडत आणि मी दीड-दोन इंच पुढे सरके. ते आकडे मी आजवर कोणाला सांगितलेले नाहीत.

घरात सगळ्यांचेच हात कशात ना कशात गुंतलेले असत. बाबा बाइंडर. दिवसभर पुस्तके बांधायचे आणि घरी आले की आईच्या कपड्यांना काज करून द्यायचे. त्यांच्यासारखे काज आईलाही जमत नसत, हे ती मान्य करायची, पण त्यांच्या माघारी. त्यांची बहीण, म्हणजे मुलींची आत्या, क्रोशाचे विणायची आणि ओठांतल्या ओठांत टाके मोजायची. "आत्या, चहा घेणार?" असे विचारले की ती म्हणायची, "सतरा." आणि दोन मुली. थोरली आणि तिच्यानंतर तब्बल बारा वर्षांनी आलेली धाकटी.

थोरली सहा वर्षांची असताना आईने तिला फेल्टचे तुकडे आणि बोथट टोकाची कात्री दिली. फेल्ट म्हणजे जाडसर लोकरी कापड, ज्याच्या कडा सुटत नाहीत. पोरांच्या हातात द्यायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. तिने एक अस्वल कापले. अस्वलाला पट्टा हवा होता. मी समोरच पडले होते.

आईने पाहिले तेव्हा माझा पहिला इंच पितळेसकट अस्वलाच्या पोटावर चिकटलेला होता.

"अगं, मापाची पट्टी होती ती," आई म्हणाली.

"एकच इंच घेतलाय," थोरली म्हणाली. "बाकीची सगळी तुलाच."

आईला रागवायचे होते, पण तिला हसू आवरेना. नवी पट्टी आणू म्हणता म्हणता राहूनच गेली. तिने माझ्याशी जुळवून घेतले. अंग मोजले की आलेल्या आकड्यातून एक कमी करायचा, कापड कापताना एक वाढवायचा. आधी ती मनात म्हणून बघायची. मग म्हणायचीही गरज उरली नाही. माझ्यावरून सरकताना तिचा अंगठा आपोआप एक घर पुढे जाऊन थांबू लागला. घरात तर ती बोलायची रीतच पडली. बाबा धाकटीला विचारायचे, "किती बिस्किटं खाल्लीस?" ती म्हणे, "तीन." बाबा विचारत, "एक सोडून की धरून?"

तुटलेली असून मी त्या घरात कधी खोटी पडले नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटे कशाला बोलू?

थोरली मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. पहिल्या भेटीला आली ती आईसाठी नवी टेप घेऊन. पांढरीशुभ्र, गोल डबीत राहणारी, बटण दाबले की सर्रकन आत जाणारी. "आता तरी या घरात आकडे खरं बोलतील," ती म्हणाली. आईने मला गळ्यातून काढले, दोन बोटांवर गुंडाळले आणि धाकटीच्या फेल्टच्या डब्यात ठेवले.

मला वाईट वाटले. अगदी मनापासून वाटले. डब्यात लाल, हिरव्या, करड्या तुकड्यांच्या ढिगात मी पडून राही आणि मला स्वप्ने पडत. मी मोजलेली सगळी अंगे त्यात येत. कोणाचे खांदे, कोणाचे मनगट, थोरलीची शाळेत असतानाची उंची, जी दर उन्हाळ्यात मला ओलांडायला बघायची. ती सगळी मापे माझ्या अंगावरून तरंगत जात आणि एकाही मापाला माणूस नसे. नुसते रिकामे घेर. मग धाकटी झाकण उघडे आणि उजेड आत येई.

अशाच एका सकाळी झाकण उघडे होते आणि फोन वाजला.

थोरलीचे बाळ दोन महिने आधीच आले होते. काचेच्या पेटीत ठेवले होते. अकरा दिवस झाले होते, आणि या अकरा दिवसांत घरातले मशीन फक्त नावाला चालले होते. डॉक्टर रोज एकच सांगत, आज ठीक आहे, उद्याचे उद्या बघू. आई अजून तिकडे गेली नव्हती. ती म्हणायची, "काचेतून बघून मला रडू येणार आणि मला बघून तिला. तिला आता रडायला वेळ नाही."

फोनवर थोरली म्हणाली, "आई, टोपी हवीय. इथल्या सगळ्या त्याला मोठ्या होतात. डोकं गार पडून चालत नाही म्हणे. नर्स म्हणाल्या, घरची चालेल, मऊ सुती दोऱ्याची, धुऊन आणा."

"घेर किती?"

"दहा इंच."

"दहा," आई म्हणाली आणि मेजाच्या कडेवर खडूने लिहिले. अकरा दिवसांत तिला करण्यासारखे हे पहिलेच काम मिळाले होते.

सगळे घर कामाला लागले. आईने मलमलीची पट्टी कापून तिचे कडे शिवले. ते आतून राहणार होते, म्हणजे दोरा बाळाला टोचणार नाही. त्या कड्यावर आत्या टोपी विणणार होती. त्या दिवशी तिला कोणी चहाचे विचारले नाही. धाकटीने टोपीवर लावायला फेल्टचे नखाएवढे हिरवे पान कापले, आणि पहिली तीन पाने चांगली नाहीत म्हणून टाकून दिली.

पण मित्रांनो, आईने पट्टी कापली तेव्हा मी डब्यातून बघत होते. तिच्या हातात नवी टेप होती. खरी, पुरी, एकापासून सुरू होणारी. आईचा अंगठा त्या टेपवरून सरकत गेला, दहावर आला आणि सवयीने एक घर पुढे जाऊन थांबला. कात्री चालली. तिच्या लक्षातही आले नाही. इतकी वर्षे माझ्या तुटक्या इंचाची भरपाई करता करता तिचा हातच तसा झाला होता. मी ओरडले असते, पण मोजपट्टीला जे येते ते फक्त गप्प राहणे.

बाबा टोपी घेऊन सकाळच्या बसने गेले. दुपारी त्यांचा फोन आला.

"सैल होतेय गं," ते म्हणाले. "डोळ्यांवर येते."

आई मशीनच्या स्टुलावर बसली. मग पलीकडून थोरलीचा आवाज आला. "आई, खरं सांग. नव्या टेपवर मोजलंस आणि एक वाढवलास ना?"

आईने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले.

थोरली हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली असेल. हसता हसता थांबून ती म्हणाली, "पण आई, लहान हवी गं. उद्या तरी हवी."

फोन ठेवल्यावर आईला एकच बोचत होते. आयुष्यभर लोकांचे कपडे मापात शिवले, आणि लेकीने मागितलेली एवढीशी टोपी चुकली. शकुन-अपशकुन तिने कधी मानले नव्हते, पण त्या दुपारी तिच्या मनात नको नको ते येत होते. ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होते. मग ती उठली. नवी टेप तिने डबीत जाऊ दिली आणि धाकटीला म्हणाली, "माझी पट्टी दे."

माझी म्हणाली. मी ऐकले.

तिने माझे टोक धरले, अकराच्या आकड्याला टेकवले आणि माझे कडे करून मेजावर ठेवले. खरे दहा इंच. मी मोठमोठ्या कमरा कवेत घेतल्या आहेत, गळे आणि मनगटे मोजली आहेत, पण एखाद्या माणसाचे डोके म्हणून इतके लहान वर्तुळ मी कधी केले नव्हते. चहाच्या कपाच्या तोंडाएवढे. आत्या, आई आणि धाकटी तिघी वाकून माझ्या आत बघत राहिल्या, जणू तिथे कोणी निजले आहे. धाकटीने हळूच आत फुंकर घातली आणि मग घाबरून आईकडे पाहिले.

"एवढंसं?" ती म्हणाली.

"एवढंसं," आई म्हणाली.

दुसरी टोपी आत्याने दिवस मावळायच्या आत पुरी केली. संध्याकाळी बाबा परतले ते रिकाम्या हाताने.

"पहिली कुठंय?" आईने विचारले.

"तिथंच ठेवलीय तिनं, पेटीजवळ."

"चुकलेली कशाला ठेवायची? आणायची ना परत."

बाबांनी चपला काढल्या, हात-पाय धुतले आणि सावकाश म्हणाले, "चुकली कुठं? वाढत्या अंगाची झाली."

तुमच्याही घरी मोठी माणसे असेच म्हणत असतील. शाळेचा गणवेश घेताना, बूट घेताना. राहू दे जरा सैल, वाढते अंग आहे. माझ्या कानांवरून तो शब्द हजारदा गेला होता, पण त्या संध्याकाळी तो ऐकून आईने पदराने तोंड झाकले आणि ती मोकळेपणी रडली.

दुसऱ्या दिवशी लहान टोपी बाळाच्या डोक्यावर गेली आणि नीट बसली. मोठी टोपी पेटीशेजारच्या मेजावर राहिली. नर्स दर आठवड्याला ती बाळाला क्षणभर घालून बघायची आणि थोरली फोन करायची. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "डोळ्यांवर येते." दुसऱ्या आठवड्यात, "भुवयांवर थांबतेय." घरात कोणी वजन विचारत नव्हते, दूध विचारत नव्हते. टोपी कुठवर येते, एवढेच विचारत होते.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला नाही. आईने केला तेव्हा थोरली म्हणाली, "आज घालून बघितली नाही, आई. त्याला श्वासाचा त्रास होतोय." आणि तिने फोन ठेवला. दोन दिवस आईने मला गळ्यातून काढले नाही. जेवताना नाही, पडल्या पडल्याही नाही. तिच्या मानेची शीर माझ्याखाली इतकी जोरात उडत होती की मला गुंगी कसली, डुलकीसुद्धा आली नाही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. "आता बरंय. पण टोपी पुन्हा भुवयांवरच."

"असू दे," आई म्हणाली. "पुन्हा तर पुन्हा."

चौथ्या आठवड्यात टोपी कपाळावर थांबली. आणि सहाव्या आठवड्यात, कपड्यांना इस्त्री चालू असताना, थोरलीचा फोन आला. तिने कोणाची चौकशी केली नाही, काही नाही.

"आई, टोपी बसली."

आत्या टाका अर्धाच सोडून ताडकन उठली, बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"बसली म्हणजे? नीट?" आईने विचारले.

"नीट. कानांवरून. आणि डॉक्टर म्हणाले, परवा घरी घेऊन जा."

"घेर किती भरला?"

"अकरा."

फोन खाली ठेवून आईने मला गळ्यातून काढले. माझे टोक बाराच्या आकड्याला टेकवले आणि ते कडे दोन्ही हातांनी छातीशी धरून ती खिडकीशी उभी राहिली. बाहेर कोणाचे तरी धुणे वाळत होते, उन्हात हलत होते. मी तिच्या हातात होते आणि माझ्या आत अजून कोणीच नव्हते, तरी पहिल्यांदाच मला रिकामे वाटले नाही.

"म्हणजे आता ती टोपी लहान होणार," आत्या मागून म्हणाली. "मला दुसरी विणायला घ्यायला हवी."

"घे," आई म्हणाली.

मित्रांनो, मी एकोणसाठ इंचांची पट्टी, मी तुम्हाला काय शिकवणार? डब्यात, खणात माझ्यासारखे कोणी पडले असेल तर कधीतरी झाकण उघडा, आणि घरातल्या लहानग्यासाठी काही करायला घ्याल तेव्हा मापाला चिकटून बसू नका, एवढेच मागणे आहे. त्या दिवशी खिडकीशी उभ्या आईने काय केले, ते मी पाहिले. तिने अंगठा थोडा पुढे सरकवला आणि माझे ते वर्तुळ जरासे मोठे केले.