दुधी, काकडी आणि गावनकाशा

केसरीनाथ तालुक्याच्या कचेरीतून परतला की त्याची म्हातारी आई धोंडूबाई अंगणातूनच विचारायची, "काय रं, गावला का कागद?"

"साहेब बघतो म्हनलाय."

"अजून बघतोच हाय? त्याचे डोले बिघडले काय?"

केसरीनाथ दुधाचे रिकामे कॅन ओट्यावर ठेवायचा आणि पाठ टेकायचा. पहाटे म्हशी, सकाळी भिवंडीत दुधाचा रतीब, मग कचेरी. म्हशी निदान दूध तरी देत होत्या.

वाचकहो, कागद कशाचा ते आधी सांगतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. भिवंडीजवळ वडप्याच्या आसपास हायवेलगतच्या भातखाचरांत मातीचा भराव पडत होता आणि भाताच्या जागी गोदामं उगवत होती. केसरीनाथचा चुलतभाऊ लडकू याने आपली जमीन एका गोदामवाल्याला भाड्याने दिली. गोदामवाल्याने कुंपण घातलं, लोखंडी फाटक बसवलं, आणि त्या कुंपणाच्या आत गावची स्मशानाकडे जाणारी गाडीवाट गडप झाली.

जिवंत माणसांना त्या वाटेची फारशी आठवण नव्हती. पण त्या पावसाळ्यात आळीतली कमळाकाकी गेली. फाटकाला कुलूप. मग तिरडी हायवेवरून वळसा घालून न्यावी लागली. मागे ट्रकची रांग लागली आणि पुढे काय चाललंय ते न दिसल्यामुळे मागचे ड्रायव्हर भोंगे वाजवत राहिले. कमळाकाकी जन्मभर कुणाच्या वाटेत आली नव्हती. त्या दिवशी आली.

धोंडूबाईने घरी येऊन एवढंच म्हटलं, "केसरी, माझ्या मागं भोंगा वाजला न्हाय पायजे."

केसरीनाथ लडकूकडे गेला. लडकू म्हणाला, "वाट? कसली वाट? आपल्या पायांनी पडलेली ती. सरकारी वाट असंल तर कागद दाखव, उद्या फाटक काढतो."

तेव्हापासून केसरीनाथ कचेरीच्या फेऱ्या मारत होता. गावनकाशात ती वाट दाखवलेली आहे, एवढं त्याने वडिलांकडून ऐकलं होतं. त्या नकाशाची नक्कल मिळाली की काम झालं.

आता या फेऱ्यांचा हिशेब बघा. पहिल्या फेरीला केसरीनाथने दप्तराच्या कारकुनासाठी, म्हणजे बाळारामसाहेबांसाठी, काकड्या नेल्या. मग वालाच्या शेंगा. मग घरच्या म्हशीचा खरवस. प्रत्येक वेळी तो टेबलापाशी अदबीने उभा राहायचा, बाळारामसाहेबांच्या गुडघेदुखीची चौकशी करायचा आणि निघता निघता म्हणायचा, "आमच्या त्या नकाशाचं तेवढं बघा, साहेब." बाळारामसाहेब म्हणायचे, "बघतो." खर्चाच्या बाजूला निम्मी वाडी गेली, जमेच्या बाजूला एकच शब्द.

त्या दिवशी केसरीनाथ भला थोरला दुधी घेऊन कचेरीत शिरला, तर खिडकीशी मेहरुन्निसाभाभी उभी. भिवंडीत धामणकर नाक्यामागे तिचा छोटा पॉवरलूमचा कारखाना होता. नवरा वारल्यावर तीच चालवायची. केसरीनाथचं दूध तिच्या घरी वर्षानुवर्षं जात होतं.

"या अल्ला! केसरीनाथ, दुधाचा धंदा सोडून भाजी विकायला लागलास काय?"

"न्हाय भाभी, साहेबासाठी हाय. जरा एका कागदाचं काम हाय."

"अर्ज कधी दिलास?"

"अर्ज?" केसरीनाथने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लेखी कशाला? मानूस चांगला हाय. लेखी दिलं की बिघडतं."

यात केसरीनाथचं एकट्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या गावात लेखी देणं म्हणजे नातं तोडणं. दोन भाऊ एका चुलीवर जेवतात तोवर सगळं तोंडी. फाटलं की मग कागद! ज्याचा पाहुणचार करायचा त्याच्यापुढे अर्ज सरकवायचा, हे त्याला भर पंगतीत पान उलटं करण्यासारखं वाटत होतं.

मेहरुन्निसाने कपाळाला हात लावला. "अरे भाई, तू माझ्या दारात दूध घालतोस. मी कधी तुझ्यासाठी बिर्याणी घेऊन गोठ्यावर आले, की बाबा, जमलं तर उद्या दूध दे?"

"त्यो धंदा हाय, भाभी."

"मग हे काय हाय? तो नकाशा बाळारामच्या घरच्या पेटीत ठेवलाय? तुझ्या गावचा नकाशा हाय. इथे नुसता सांभाळायला ठेवलाय. आपली ठेव मागताना कोण शरमतं? आणि तू मेहेरबानी मागत बसलास, तर तो मेहेरबानीच करत बसणार. जमेल तेव्हा, जमेल तशी!"

"पन त्याला राग आला तर?"

"विचारूया ना." आणि केसरीनाथ नको नको म्हणत असतानाच तिने खिडकीतून हाक मारली, "बाळारामसाहेब! हा माणूस इतके दिवस खेपा घालतोय. नक्कल का नाही देत याला?"

बाळारामने चष्मा वर केला. त्याच्या मागे छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेली दप्तरं रचलेली होती आणि चेहरा त्या फडक्यांइतकाच विटलेला होता.

"नक्कल? यांनी मागितली कधी?"

केसरीनाथच्या हातातला दुधी पडता पडता राहिला. "साहेब! अहो, मी दर टायमाला..."

"दर वेळी तुम्ही म्हणता, बघा. मी म्हणतो, बघतो. इथे दिवसभर हेच चालतं. अर्ज असल्याशिवाय मी दप्तर सोडलं, तर वरचा साहेब मला विचारेल, कुणाच्या सांगण्यावरून सोडलं? काय सांगू? काकडीच्या?"

मेहरुन्निसा पदरात तोंड घालून हसली. केसरीनाथला मात्र हसू आलं नाही. एवढ्या फेऱ्या! आणि कचेरीच्या लेखी तो अजून एकदाही आलेलाच नव्हता!

"मंग हे आधी का न्हाय सांगितलं, साहेब?"

बाळारामने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग कंटाळलेल्या पण खऱ्या आवाजात म्हणाला, "सांगायला हवं होतं. पण जो अर्ज देत नाही त्याचं काम माझ्या टेबलावर साचत नाही. हे आम्हालाही सोयीचंच असतं."

मेहरुन्निसाने तिथेच बाकावर बसवून केसरीनाथकडून दोन प्रतींत अर्ज लिहून घेतला. गावाचं नाव, लडकूच्या जमिनीचा सर्व्हे नंबर, त्यातून जाणारी वाट, आणि हवं काय तर गावनकाशाची सही-शिक्क्याची नक्कल. वर कोर्ट फीचा स्टॅम्प. बाळारामने अर्ज घेतला. केसरीनाथ नमस्कार करून निघणार, तोच तिने त्याची बाही ओढली.

"पोच?"

"असू दे ना, भाभी."

"पोच घे! उद्या बाळारामची बदली झाली, तर नव्या साहेबाला पहिल्यापासून काकड्या चारशील?"

बाळारामने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून ती पुढे केली. "आणि हा दुधी घेऊन जा. आमच्या घरी दुधी कुणी खात नाही."

नक्कल लगेच मिळाली असं मी सांगणार नाही. आपण सगळे या देशात राहतो. दप्तराच्या कडा वाळवीने खाल्लेल्या निघाल्या, शिपाई रजेवर गेला, मग निवडणुकीचं काम आलं. पण आता केसरीनाथ काही न घेता जायचा, पोच दाखवायचा आणि विचारायचा, "तारीख सांगा." आणि मिळाली एकदाची! लडकूच्या जमिनीतून, गावापासून स्मशानापर्यंत, गाडीवाट स्पष्ट काढलेली.

ती नक्कल पाहून लडकूचा चेहरा कडू झाला. "भाऊ असून लेखी आनलंस माझ्यावर?"

"तुझ्यावर न्हाय आनलं," केसरीनाथ म्हणाला. "लडकू, तुलाबी एक दिवस त्याच वाटेनं जायाचं हाय."

लडकूने नकाशावरच्या वाटेवरून बोट फिरवलं. मग खाली बसला. "गोदामवाल्यानं इचारलं व्हतं, मधून वाट हाय का. मी न्हाय म्हनलो. वाटलं, कोन जातंय कचेरीत नकाशा मागायला!"

फाटक काढलं नाही, पण कुलूप निघालं. वॉचमनला सांगितलं गेलं, की ही गावची वाट आहे. अधूनमधून एखादा ट्रक तिथे आडवा उभा असतो, मग पोरं जाऊन नक्कल दाखवतात आणि ड्रायव्हर शिव्या देत गाडी मागे घेतो.

वाचकहो, लडकूचं ते वाक्य लक्षात ठेवा. गावातले निम्मे अन्याय कुणाच्या जोरावर उभे नसतात. कुणी मागायला येणार नाही, एवढ्याच भरवशावर उभे असतात. आणि आपण तो भरवसा इमानाने पाळतो! कचेरीतला कागद आपला आहे. तो मागणं म्हणजे भांडण नव्हे आणि भीकही नव्हे. लेखी मागावा, पोच घ्यावी, आणि काकड्या घरी खाव्यात.

कुलूप निघालं त्या दिवशी धोंडूबाई काठी टेकत त्या वाटेने स्मशानाच्या टोकापर्यंत जाऊन आली. सुनेने घाबरून विचारलं, "आत्या, तिथं कशाला गेलावता?"

"बघून आले," म्हातारी ओट्यावर बसत म्हणाली. "वाट चांगली हाय. आता घाई न्हाय."