वाकड्या चौकटीचा दरवाजा

मी एक दरवाजा आहे, पण घराचा नाही. माझ्यावर कधी कुणाच्या नावाची पाटी लागली नाही. मी एका जुन्या ट्रकचा, ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या बाजूचा दरवाजा. थकलोय, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे बोलता बोलता कुरकुरलो तर मनावर घेऊ नका. बिजागऱ्या जुन्या झाल्या की कुरकुर येतेच. माणसांचंही काही वेगळं नसतं.

माझा जन्म म्हणजे काही सोहळा नव्हता. कारखान्यात पत्र्याच्या तुकड्यावर भलामोठा साचा दाणकन आदळला आणि मी झालो. माझ्यासारखे दिवसाला शंभर व्हायचे. मला हिरवा रंग मिळाला, एक काच मिळाली, हँडल मिळालं आणि मी ट्रकच्या चौकटीत जाऊन बसलो. तेव्हा नुसत्या बोटाने ढकललं तरी मी अलगद लागायचो. ते दिवस फार टिकले नाहीत.

आमचा ट्रक चालवायचा दादा. घरात वडील गेले तेव्हा त्याने शाळा सोडून स्टिअरिंग धरलं, पण धाकट्या भावाच्या हातातली पेन्सिल काही सुटू दिली नाही. सुट्टी लागली की दहा वर्षांचा धाकटा ट्रकमध्ये माझ्या बाजूला बसायचा. माझ्यावर कोपर टेकवून रस्त्यावरची दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायचा. दादा म्हणायचा, "वाच, वाच. मला पण कळू दे कुठं चाललोय ते."

एका वळणावर ट्रक माझ्या अंगाने दगडी कठड्यावर आदळला. दोघे भाऊ बचावले. मी चेपलो आणि माझी चौकट आत वाकली. रस्त्याकडेच्या पत्राकामवाल्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चौकट सरळ करायला चार दिवस लागतील. त्यापेक्षा दरवाजाच वाकवतो." दादाला माल पोचवायची घाई होती. तासभर हातोडी खाऊन मी त्या वाकड्या चौकटीच्या मापाचा झालो. तेव्हापासून ती वाकडी, मीही वाकडा, पण आमचं दोघांचं जमलं. अशा जोड्या तुम्हीही पाहिल्या असतील.

फक्त मला लावायची एक रीत होऊन बसली. हँडल धरून थोडं उचलायचं, आत ढकलायचं आणि शेवटी कमरेचा एक धक्का द्यायचा. धाकट्याला ते ठाऊक नव्हतं. त्याने मला जोरात ओढलं आणि त्याच्या उजव्या हाताची करंगळी मध्ये राहिली. नख गेलं. नवं आलं ते वाकडंच आलं. मला कुणी बोल लावला नाही, पण चेंगरलं मीच, आणि ते रडणं मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून दादाने धाकट्याला मला हात म्हणून लावू दिला नाही. धाकटा चढून बसला की दादा पुढून वळसा घालून यायचा, "बोटं आत घे," म्हणायचा आणि मला उचलून लावायचा. पुढे धाकट्याला मिशा फुटल्या, नोकरी लागली, लग्न झालं. तरी कधी ट्रकमध्ये बसला तर दादा वळसा घालून यायचाच. धाकट्याची बायको हसायची, "अहो, नवरा आहे माझा, तान्हं बाळ नाही."

धाकटा कारखान्यात फिटर झाला. मापाचा इतका पक्का, की सगळे त्याला 'सूतभर' म्हणत. कुठल्याही कामाकडे डोळा बारीक करून पाहायचा आणि केसाएवढा फरक दिसला तरी "सूतभर इकडे हवं," म्हणायचा. हाताखालच्यांना त्याचा वैताग यायचा, पण त्याचं काम कधी परत आलं नाही.

माणूस थकतो तसा ट्रकही थकला. दादाने गाडी चालवणं सोडलं आणि ट्रक सूतभरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन थांबला. आधी माझ्यावर धूळ बसली, मग कोळ्यांनी संसार थाटले. काचेला रबर धरून ठेवेना. खालून गंज चढत आला. वर्षानुवर्षं कुणी मला उघडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आता कुणी उघडू नये असंच वाटायला लागलं होतं.

मग दादा विसरायला लागला. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. एके दुपारी वहिनी, म्हणजे दादाची बायको, सूतभरकडे आली आणि शेडच्या दाराशीच बसली.

"भाऊजी, आज सकाळी त्यांनी मला विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात म्हणून."

सूतभरने ट्रकच्या बोनेटवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "वहिनी, मी ही गाडी उभी करतो. पहिल्यासारखी. दादा सगळं विसरेल, पण हिला नाही विसरायचा. त्याला ओळख आहे तोवर मी हिला उभी करतो."

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. त्याने सगळा ट्रक सुटा केला. एकेक नट-बोल्ट धुऊन पुसून औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत भरला आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मला उतरवून भिंतीला टेकवलं. मग बाकीच्या ट्रकचा रंग खरवडला, गंज कापला, नवा पत्रा जोडला, खड्डे बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, पुन्हा भरली. बायको चहाचा कप ठेवून म्हणायची, "ट्रकला किती लांबी भराल ती भरा, घराच्या भिंतीला पडलेली भेगही एकदा बघा." तो मान डोलवायचा. भेग अजून तशीच आहे.

दीड वर्ष गेलं. काम सूतभरचं, चोख, म्हणून हळू. इकडे दादाचं विसरणं मात्र घाईत होतं.

आणि मग माझी पाळी आली. सूतभरने जुनी चौकट मोजली, डोळा बारीक केला आणि आत जॅक लावून ती सरळ केली. अगदी कारखान्यातून आली होती तशी. मला उचलून लावायला गेला, तर मी बसेना. कसा बसणार? मला ठोकून वाकवलं होतं ते वाकड्या चौकटीसाठी. त्याने दोन दिवस खटपट केली, मग भंगारातून दुसरा दरवाजा आणला. तो बेटा एका बोटात लागला. मी पुन्हा भिंतीला. मला राग नाही आला, हायसंच वाटलं. म्हटलं, सुटलो एकदाचा.

ट्रक तयार झाला. गडद, चकचकीत हिरवा, नव्या गाद्या, नवी काच. सूतभरने शेडची दारं सताड उघडली आणि वहिनी दादाचा हात धरून त्याला घेऊन आली. दादाने बोनेटवरून हात फिरवला.

"छान आहे गाडी," दादा म्हणाला. "कुणाची?"

सूतभरचा चेहरा मी समोरून पाहिला. त्याची दीड वर्षाची सगळी मेहनत त्या एका शब्दाने धुऊन नेली. वहिनीने तोंड फिरवलं.

दादा मात्र शेडमध्ये इकडेतिकडे बघत माझ्यापाशी आला. का आला, देव जाणे. माझा रंग उडालेला, खाली गंज, एका कोपऱ्याला हातोडीचे घाव. त्याने हँडल धरलं, मला थोडं उचललं, ढकललं आणि कमरेने धक्का दिला. मी भिंतीवर आपटलो. त्याने पुन्हा तसंच केलं.

"लागत नाहीये," तो वैतागून म्हणाला. "याची चौकट कुठाय?"

सूतभरने सरळ केलेल्या चौकटीकडे पाहिलं.

दोघं गेल्यावर त्याने नवा दरवाजा उतरवला आणि पुन्हा जॅक काढला, या वेळी उलट्या बाजूने. जन्मभर वाकडं सरळ करत आलेला माणूस सरळ केलेलं वाकडं करायला बसला. नव्या रंगाला तडे गेले. बायकोने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि तो बिजागरीखाली वॉशर सरकवत राहिला. तिने एकदाच विचारलं, "आता सूतभर कुठल्या बाजूला?" तो म्हणाला, "बोटभर. आत." संध्याकाळी मी चौकटीत बसलो. वर बोटभर फट, तिच्यातून वारा येणार, हे दोघांनाही दिसत होतं.

त्याने मला रंगवलं नाही. चकचकीत ट्रकला मी ठिगळासारखा दिसतो. येणारे-जाणारे सूतभरला विचारतात, "हा एक दरवाजा राहिला वाटतं?" तो म्हणतो, "हो, राहिला." तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. घरी जुनी गाडी सरळ करायला घेतलीत, तर एखादं वाकडेपण कशामुळे आलंय ते आधी विचारा. आमच्याकडे ते उशिरा विचारलं गेलं.

आता रोज दुपारी वहिनी दादाला घेऊन येते. दादा ड्रायव्हरच्या जागेवर बसतो. किल्ली वहिनीच्या पिशवीत असते. ट्रक जागचा हलत नाही, पण दादा आरसा नीट करतो, स्टिअरिंगवर हात ठेवतो आणि बराच वेळ कुठेतरी जातो. सूतभर त्याच्या शेजारी, माझ्या बाजूला बसतो.

दादा आताशा त्याला ओळखत नाही. काल सूतभर चढून बसला आणि त्याने मला लावायला हात घातला.

"थांबा, थांबा," दादा म्हणाला. "तुम्ही नका लावू. तुम्हाला नाही जमायचं."

तो हळूहळू उतरला. बोनेटला धरत, पुढून वळसा घालून माझ्यापाशी आला.

"बोटं आत घ्या, पाव्हणं. माझ्या धाकट्या भावाची करंगळी चेंगरली होती यात. लहान आहे तो अजून."

सूतभरने दोन्ही हात मांडीवर घेतले. ते वाकडं नख दुसऱ्या हाताने झाकून धरलं.

"आता कसा आहे तो?" त्याने विचारलं.

"बरा आहे. शिकतोय," दादा म्हणाला. मग त्याने मला थोडं उचललं, आत ढकललं, कमरेचा धक्का दिला, आणि मी लागलो.