‘गॅस गेला’ म्हणू नका

मी एसीतला गॅस बोलतोय. अहो, नाक कशाला धरता? तांब्याच्या नळीत बंद आहे मी! कारखान्यात मला भरलं, तेव्हापासून गॅलरीतली पेटी ते आतली खोली अशा माझ्या येरझाऱ्या चालू आहेत.

लोकांना वाटतं, मी फक्त माणसांसाठी राबतो. पण खोलीत शिरण्याआधी मी पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला भेटतो. मशीन किती पळवायचं हे तो ठरवतो आणि त्या कामानं तापतो. माझी नळी एका पट्टीनं त्याच्या पाठीला आवळलेली आहे. मधे पांढरी पेस्ट असते, म्हणून त्याचा ताप माझ्यापर्यंत पोचतो. मी तो उचलून बाहेर टाकतो. भाऊच समजा ना आम्ही.

आमच्या घरातले आबा स्वच्छतेचे वेडे. खांद्यावर कायम फडकं. सूनबाई म्हणते, "आबा, एका जागी उभी राहिले तर मलाही पुसाल!"

उन्हाळ्याच्या तोंडावर मेकॅनिक ताई सर्व्हिसिंगला आली. पट्टी सोडवून तिनं नवी पेस्ट लावली आणि ब्रश आणायला खाली गेली. आबांनी बघितलं, बोर्डाच्या पाठीवर काहीतरी पांढरं, चिकट! लख्ख पुसलं, वर पट्टीचे स्क्रूही लावून टाकले. "वा आबा, स्क्रू लावलेत? माझं काम वाचलं," ताई म्हणाली.

झालं! भर दुपारी बोर्ड तापायचा आणि मशीन बंद पडायचं. मी शेजारून जायचो, पण त्याचा ताप काही हाती लागेना. जीव तुटायचा हो माझा! आत दोन महिन्यांची नात घामोळ्यांनी रडून रडून लाल व्हायची. आबा वारा घालून थकायचे.

"गॅस गेला असेल," सूनबाई म्हणाली.

घ्या! काही झालं की गॅस गेला! तुम्हाला सोडून मी कुठे जातोय?

ताई परत आली, मला मोजलं. "गॅस आहे की पुरेसा. बोर्डच गेलेला दिसतोय. नवा टाकू."

अहो, माझ्या भावालाच काढून टाकणार! ताईनं पट्टी सोडवली आणि थबकली. "आबा, इथली पेस्ट कुठे गेली?"

"अगं... ती घाण नव्हती?" आबांचा चेहरा पडला. "मीच पुसली गं. माझ्यामुळे पोर एवढी रडली!"

"चांगल्या मनानंच पुसलीत. पण आता बोटही लावू नका," ताईनं हसत दटावलं आणि पेस्ट लावून पट्टी आवळली. मी बोर्डाला टेकून गेलो. त्याचा ताप हाती आला. हुश्श!

निघतो आता, भाऊ वाट बघतोय. एवढंच सांगतो, उगाच 'गॅस गेला' म्हणू नका. आणि कधी मशीन मोडीत काढाल, तेव्हा मला हवेत सोडू नका, तिथं मी जगाचा ताप वाढवतो; टाकीत भरून न्या.

आत्ता भर दुपार आहे आणि मशीन चालू आहे. नात आबांच्या खांद्यावर झोपली आहे. झोपेतच तिनं दूध काढलं, सदऱ्यावर पांढरा ओघळ आला. सूनबाईनं फडकं पुढे केलं.

"राहू दे गं," आबा कुजबुजले. "कामाचं असेल."